आठी उलगडताना

मराठीत कपाळावर आठी पडते ती नापसंतीनं. समोरच्याच्या आठीवरून आपण त्याचं मन ओळखतो, बोलता बोलता शब्द आवरते घेतो. पण चाळिशीच्या आगेमागे काही चेहऱ्यांवर ती आठी मुक्कामालाच येते. मनात काहीही नसताना दोन भुवयांच्या मध्ये उभ्या रेघा उमटून राहतात आणि लोक विचारत राहतात, "काय झालं? बरं नाही का? रागावलात का?" सुरकुत्या सैल करणारं इंजेक्शन घ्यावं का, हा विचार अनेकांच्या मनात पहिल्यांदा येतो तो या प्रश्नाच्या कंटाळ्यातून. ही गरज मला खरी वाटते. तिला नटवेपणा म्हणून उडवून लावू नये. आणि खरी आहे म्हणूनच तिच्यासाठी घ्यायचं औषध डोळे मिटून घेऊ नये.

विचारलं मात्र जातं एवढंच की, "बोटॉक्स चांगलं की डिस्पोर्ट? की ते नवीन, जास्त टिकणारं?" ही या इंजेक्शनाची वेगवेगळ्या कंपन्यांनी दिलेली नावं. या प्रश्नाला उत्तर आहे, पण त्याची पाळी उशिरा येते. रेघ कशामुळे पडली आहे, ती पाडणारा स्नायू कोणता, त्याला किती औषध लागेल आणि सुई कुणाच्या हातात असेल, एवढं ठरल्यावर नावाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

रेघेपासूनच सुरुवात करावी. उजेड एका बाजूनं पडेल असं आरशासमोर उभं राहायचं, मुद्दाम आठ्या घालायच्या, पाचपर्यंत मोजायचं आणि चेहरा सैल सोडायचा. सैल सोडल्याबरोबर रेघ पुसली गेली तर ती हालचालीची रेघ. चेहरा शांत असतानाही ती दिसत राहिली आणि बोटानं त्वचा अलगद ताणल्यावरही तळाशी केसाएवढी खूण उरली, तर ती त्वचेत मुरलेली रेघ. कापड वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलं की उलगडल्यावरही घडीची रेघ दिसते, तसाच हा प्रकार. इंजेक्शन घडी घालणारा हात थांबवतं. कापडाला इस्त्री करत नाही. हालचालीच्या रेघेवर त्याचा परिणाम सुरेख होतो. मुरलेली रेघ हलकी होते, दोन-तीन खेपांनंतर आणखी उथळ होते, पण पूर्ण जाईलच असं नाही. गालाच्या घडीसाठी किंवा पोकळ झालेल्या भागासाठी हे औषध नाहीच. तिथे भराव लागतो, त्याला फिलर म्हणतात, आणि त्याचे फायदे-धोके सगळे वेगळे. दोन्हींची गल्लत करून "चेहरा फुगला" अशी भीती या इंजेक्शनाला चिकटलेली आहे. हे औषध काहीच फुगवत नाही.

ते करतं काय? मेंदूकडून आलेला हुकूम मज्जातंतूच्या टोकापर्यंत पोचतो आणि तिथून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन स्नायूवर सांडतं. स्नायू आकसतो तो त्यामुळे. हे रसायन बारीक पिशव्यांत भरलेलं असतं, आणि पिशवी उघडायला जी प्रथिनं लागतात त्यांतल्या स्नॅप-२५ नावाच्या प्रथिनाचा तुकडा हे औषध पाडतं. पिशव्या भरलेल्या राहतात, उघडत मात्र नाहीत. स्नायू शाबूत, मज्जातंतू शाबूत, फक्त निरोप पोचत नाही. म्हणून सुई टोचल्याबरोबर आरशात काहीच दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आठी घालताना जोर कमी पडल्यासारखा वाटतो आणि दोन आठवड्यांनी पूर्ण परिणाम कळतो. मज्जातंतूला नवीन कोंब फुटतात, पुढे मूळ टोकही कामाला लागतं आणि तीन-चार महिन्यांत हालचाल परतते. एकदा आत शिरून चिकटलेलं औषध काढून घेणारा कुठलाही उतारा नाही, हे लक्षात ठेवायचं. फिलरच्या एका प्रकाराला विरघळवणारं औषध असतं, तसं याला नाही. चूक झाली तर काळ हाच इलाज.

औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचं विष. जर्मन वैद्य युस्टिनस केर्नर यांनी १८२०च्या सुमारास बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेची बारकाईनं नोंद केली; सॉसेजच्या लॅटिन शब्दावरूनच पुढे हे नाव पडलं. १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीनंतरच्या जेवणातलं हॅम खाऊन वादक मंडळी आजारी पडली आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यातून जिवाणू शोधून काढला. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते डोळ्याच्या स्नायूंत थेंबभर टोचून पाहिलं. १९८९ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्या आवळून मिटण्याच्या विकारावर हे इंजेक्शन देत होत्या. भुवयांच्या मध्येही सुई हवी, असा एका रुग्ण बाईंचा आग्रह होता, कारण तिथे टोचलं की चेहरा निवांत दिसतो. जीन आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलिस्टर यांनी १९९२ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. म्हणजे सौंदर्यासाठीच्या वापराची सुरुवातही एका बाईंच्या आठीपासूनच झाली. भुवयांमधल्या रेघांसाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता २००२ साली मिळाली.

आता नावं. बोटॉक्स सगळ्यांत जुनं, म्हणून लोक कुठल्याही कंपनीच्या इंजेक्शनाला बोटॉक्सच म्हणतात. डिस्पोर्टला अमेरिकेत २००९ साली परवानगी मिळाली, झिओमिनला भुवयांमधल्या रेघांसाठी २०११ साली, जूवोला २०१९ साली, डॅक्सिफायला २०२२ साली आणि लेटिबोला २०२४ साली. सगळ्यांचा गाभा एकच, टॉक्सिनचा ए प्रकार. फरक आहे तो त्याभोवतीच्या प्रथिनांत, कुपीत घातलेल्या इतर द्रव्यांत आणि मोजमापात. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो या मोजमापात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

हे औषध मिलिग्रॅममध्ये मोजत नाहीत. १०० युनिटच्या कुपीत टॉक्सिनचं वजन काही नॅनोग्रॅम असतं, म्हणजे ग्रॅमचे अब्जावे भाग. ते डोळ्यांनी दिसणं शक्यच नाही. कुपीच्या तळाशी जो पांढरट पापुद्रा दिसतो तो मीठ, साखर किंवा अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रथिन यांचा. मोजतात ते युनिटमध्ये, आणि युनिट म्हणजे मुळात उंदरांच्या ठरावीक गटातले निम्मे ज्या मात्रेनं मरतात ती मात्रा. ही चाचणी प्रत्येक कंपनीनं आपापल्या पद्धतीनं बसवली. त्यामुळे एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढं नसतं. भुवयांमधल्या रेघांसाठी बोटॉक्स, झिओमिन, जूवो आणि लेटिबो यांची ठरलेली मात्रा २० युनिट, डिस्पोर्टची ५० आणि डॅक्सिफायची ४०. पन्नास ऐकून "बाप रे, अडीचपट" म्हणून घाबरायचं कारण नाही आणि "अडीचपट मिळालं" म्हणून खूश व्हायचंही नाही. फूट आणि मीटर यांच्यासारखी ही वेगवेगळी मापं आहेत, आणि त्यांच्यात फूट-मीटरसारखा पक्का हिशेबही बसत नाही. बोटॉक्सचं एक युनिट म्हणजे डिस्पोर्टची अडीच ते तीन, असा ढोबळ ठोकताळा डॉक्टर वापरतात, पण तो ठोकताळाच. मागच्या वेळी एका नावाचं २० युनिट घेतलं म्हणून दुसऱ्या नावाचंही २० मागणं ही साधी वाटणारी पण नुकसानीची चूक. डिस्पोर्टचे २० युनिट भुवयांमध्ये दिले तर परिणाम पुसटच होईल. बोटॉक्सचे ५० दिले तर प्रमाण अडीचपट होईल.

मग या सहा नावांत फरक खरंच पडतो कुठे? माझ्या मते पहिला पाहायचा तो अ‍ॅलर्जीचा. डिस्पोर्टमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असते आणि त्यासोबत गाईच्या दुधातल्या प्रथिनाचा अंश असू शकतो. दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ते घ्यायचं नाही. दूध पचत नाही, पोट फुगतं, ही तक्रार वेगळी. तिचा इथे संबंध नाही. बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन या सगळ्यांत मानवी रक्तातून काढलेलं अल्ब्युमिन असतं. श्रद्धेमुळे किंवा तत्त्व म्हणून कुणाला ते नको असेल तर आधी सांगावं; डॅक्सिफायमध्ये अल्ब्युमिन नाही, त्याऐवजी एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण छोटी साखळी, वापरलं आहे.

दुसरा फरक प्रतिकारशक्तीचा. शरीर या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं, आणि तसं झालं की इंजेक्शन लागू पडेनासं होतं. सौंदर्यासाठीच्या थोड्या मात्रेत हे क्वचित घडतं. झिओमिनमधून भोवतालची प्रथिनं काढून टाकलेली असतात, म्हणून तो धोका कमी, असा त्यामागचा विचार. तो पटण्याजोगा आहे. पण धोका वाढवणाऱ्या दोन गोष्टी कुपीत नसतात, वागण्यात असतात: मोठी मात्रा आणि घाई. दर दीड-दोन महिन्यांनी "थोडंसं टचअप" घेणाऱ्यानं कुठलंही नाव निवडलं तरी तो धोका स्वतःहून ओढवून घेतलेला असतो. दोन खेपांत किमान तीन महिने जाऊ द्यावेत.

तिसरा फरक वेगाचा आणि टिकण्याचा. डिस्पोर्ट एखाद-दोन दिवस आधी जाणवतं असं बरेच जण सांगतात. लग्न तोंडावर आलं असेल तर तेवढंही महत्त्वाचं वाटतं. पण समारंभासाठी इंजेक्शन घ्यायचं तर चार आठवडे आधीच घ्यावं. दोन आठवडे परिणाम बसायला आणि दोन दुरुस्तीला. टिकण्याच्या बाबतीत डॅक्सिफाय पुढे आहे. चाचण्यांत रेघा परत ठळक व्हायला लागलेला मध्यक काळ सुमारे २४ आठवडे होता. ऐकायला हे गोड वाटतं. पहिल्याच खेपेला ते घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन. आपला चेहरा या औषधाला कसा वागतो हे माहीत नसताना भुवई जड झाली, एक बाजू वर राहिली, तर तेही जास्त टिकणार. आधी तीन-चार महिन्यांचं औषध एक-दोनदा घेऊन पाहावं. आपली मात्रा आणि आपल्या जागा ठरल्या की मग लांब पल्ल्याचं घ्यायला हरकत नाही.

"हे पसरतं आणि ते पसरत नाही" असंही बरंच बोललं जातं. औषध किती पसरेल हे मुख्यतः किती युनिट दिले, किती पाण्यात कालवले आणि कुठे, किती खोल टोचले यावर ठरतं. पसरणं नेहमी वाईटच असंही नाही. रुंद कपाळावर एकसारखा परिणाम हवा असेल तर ते उपयोगी पडतं. डोळ्याच्या काठाशी नको असतं.

कालवण्याची पायरी बहुतेकांच्या नजरेआड, टेबलाच्या कोपऱ्यावर उरकली जाते. ती नीट पाहावी, पाहू द्या असं म्हणावं. कुपी आतली हवा काढून, निर्वात करून बंद केलेली असते. बुचावर स्पिरिट फिरवून ते वाळू देतात. सलाईन भरलेल्या सिरिंजची सुई बुचातून आत गेली की कुपी ते पाणी स्वतःच ओढून घेते. दट्ट्या ढकलावा लागत नाही, उलट तो धरून ठेवावा लागतो, नाहीतर धार जोरात आपटते. कुपीनं पाणी ओढलंच नाही तर ती निर्वात राहिलेली नाही असं समजायचं, आणि ती कुपी टाकून द्यायची. मग कुपी हलक्या हातानं फिरवायची. खळखळून हलवायची नाही, फेस येऊ द्यायचा नाही. पाणी स्वच्छ, रंगहीन दिसलं पाहिजे.

पाणी किती घातलं यावर पुढचा सगळा हिशेब. बोटॉक्सच्या १०० युनिटच्या कुपीत २.५ मिली सलाईन घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात, म्हणजे भुवयांमधल्या एका टोचणीची मात्रा. त्याच कुपीत १ मिली घातलं तर ०.१ मिलीत १० युनिट, आणि ४ मिली घातलं तर अडीच. पातळ कालवणं म्हणजे फसवणूक, असा समज आहे. तो बरोबर नाही. पाणी वाढलं तरी युनिट तेवढेच राहतात, फक्त जास्त मिली टोचावे लागतात. फसवणूक होते ती युनिट न सांगता "एक सिरिंज" किंवा "एक भाग" असा भाव लावल्यावर, कारण त्या सिरिंजमध्ये किती युनिट आहेत हे बघून कळत नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच: औषध कुठलं, किती मिलीत कालवलं, कुठे किती युनिट देणार. प्रामाणिक डॉक्टर हे एका वाक्यात सांगतो. एक बारीक गोष्ट आणखी. वेगळी सुई लावायच्या सिरिंजमध्ये सुईच्या बुंध्याशी थोडं औषध अडकून राहतं, ०.०५ मिली जरी राहिलं तरी वरच्या हिशेबानं २ युनिट वाया. सुई जोडूनच आलेली इन्शुलिनची सिरिंज अनेक जण वापरतात ती यासाठी.

आता चेहरा. भुवयांच्या मध्ये दोन प्रकारचे स्नायू काम करतात. नाकाच्या मुळाशी उभा असलेला प्रोसेरस भुवयांची आतली टोकं खाली ओढतो आणि नाकावर आडवी रेघ पाडतो. भुवयांखालचे दोन कॉरुगेटर भुवया एकमेकींकडे खेचतात. उभ्या रेघा त्यांच्या. नेहमीची मांडणी पाच टोचण्यांची: एक मध्ये, दोन-दोन दोन्ही बाजूंना, प्रत्येकी ४ युनिट. बाहेरच्या बाजूची टोचणी भुवईखालच्या हाडाच्या कडेपासून किमान १ सेंटिमीटर वर असली पाहिजे. त्याचं कारण खाली येईलच.

कपाळ हे सगळ्यात नाजूक प्रकरण, आणि सर्वांत जास्त लोक मागतात ते इथेच. कपाळावरच्या आडव्या आठ्या पाडणारा फ्रंटॅलिस हा भुवई वर उचलणारा एकमेव स्नायू आहे. खाली ओढणारे चार-पाच, वर उचलणारा हा एकटा. त्यालाच सैल केलं आणि खाली ओढणारे मोकळे सोडले तर भुवया खाली बसतात, पापणीवर ओझं आल्यासारखं वाटतं आणि चेहरा झोपाळू दिसतो. म्हणूनच बोटॉक्सची कपाळाची मंजूर मात्रा, पाच जागी मिळून २० युनिट, ही भुवयांमधल्या २० युनिटांच्या जोडीनंच द्यायची असते. "मला फक्त कपाळ करा" असं म्हणणाऱ्याला नाही म्हणणारा डॉक्टर आपला वेळ वाया घालवत नसतो. पहिल्या खेपेला कपाळावर हात राखूनच द्यावं आणि भुवईच्या लगतची पट्टी मोकळी ठेवावी, असं मला वाटतं. दोन आठवड्यांनी आणखी ४ युनिट देता येतात. दिलेले ४ काढता येत नाहीत.

कपाळाला हात लावण्याआधीची एक तपासणी घरीही करता येते. डोळे मिटायचे, कपाळ सैल सोडायचं. भुवयांच्या वर तळहात घट्ट दाबून धरायचा, म्हणजे भुवया उचलता येणार नाहीत. आता डोळे उघडायचे. वरची कातडी पापणीच्या केसांवर टेकली, किंवा समोर पाहायला जड गेलं, तर याचा अर्थ दिवसभर कपाळ भुवया उचलून ती कातडी सावरत आहे. अशा माणसाच्या आठ्या ही खोड नसते, गरज असते. त्या पुसल्या तर नजरेवरचं छप्पर खाली येईल. पन्नाशीनंतर हे बऱ्याच चेहऱ्यांत आढळतं, आणि इंजेक्शन बिघडलं म्हणून येणाऱ्या तक्रारींत ही एक मोठी तक्रार असते. इंजेक्शन नीटच असतं. निवड चुकलेली असते.

उलट प्रकारही होतो. कपाळाचा मधला भाग सैल केला आणि दोन्ही टोकं तशीच सोडली, की तिथला स्नायू जोर लावतो आणि भुवयांची शेपटं कमानीसारखी वर चढतात. चेहरा कायम चकित झाल्यासारखा. याचा उपाय सोपा आहे: भुवईच्या त्या चढलेल्या भागाच्या वर, कपाळात एक-दोन युनिट. पण दोन आठवडे थांबून मगच, कारण पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजू एकाच वेगानं बसत नाहीत.

डोळ्यांच्या कडेला हसताना पसरणाऱ्या रेघा गोलाकार स्नायूच्या. तिथे प्रत्येक बाजूला तीन जागी ४-४, दोन्ही मिळून २४ युनिट, ही बोटॉक्सची मात्रा. सुई उथळ आणि डोळ्याच्या हाडाच्या कडेबाहेर. ती गालाकडे फार खाली उतरली तर ओठ वर ओढणारा स्नायू सैल पडतो आणि हसू एका बाजूला कलतं. या रेघा अगदी शून्यावर आणू नयेत असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. डोळे हसले नाहीत तर ओठांचं हसू खोटं वाटतं. ओठांभोवती आणि हनुवटीवर हे औषध युनिटा-दोन युनिटांच्या हिशेबात देतात. शिट्टी वाजवताना, स्ट्रॉनं पिताना, प, फ, ब म्हणताना फरक जाणवू शकतो. पहिल्या भेटीत तिकडे वळूच नये.

पापणी पडणं, ही सर्वांत मोठी भीती. भुवयांमध्ये दिलेलं औषध हाडाच्या कडेवरून खाली उतरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं तर दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही पापणी खाली येते. हाडापासून एक सेंटिमीटरचं अंतर त्यासाठीच. बोटॉक्सच्या मूळ चाचण्यांत शंभरात तिघांना हे झालं होतं. भुवई बसली आहे की पापणी पडली आहे, हे आधी ओळखायला हवं. समोर टॉर्च धरली की बाहुलीत उजेडाचा ठिपका दिसतो. तिथून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण चार मिलिमीटर अंतर असतं. एका डोळ्यात ते दोनवर आलं असेल तर पापणी पडली आहे. अंतर ठीक असून वरची कातडी लोंबत असेल तर भुवई बसली आहे. पडलेल्या पापणीसाठी अ‍ॅप्राक्लोनिडीन किंवा ऑक्सिमेटॅझोलिनचे डोळ्यांत घालायचे थेंब डॉक्टर लिहून देतात. पापणीत म्युलर नावाचा आणखी एक छोटा स्नायू असतो, त्याचा मज्जातंतू वेगळा; थेंब त्याला जागं करतात आणि पापणी एक-दोन मिलिमीटर उचलली जाते. तेवढ्यानं नजर मोकळी होते. बाकीचं काही आठवड्यांत आपोआप परततं. बसलेल्या भुवईला हे थेंब लागू पडत नाहीत.

गिळायला त्रास, आवाज बदलणं, दोन-दोन दिसणं, दम लागणं, अंगभर अशक्तपणा यांतलं काहीही इंजेक्शननंतरच्या तासांत, दिवसांत किंवा आठवड्यांत सुरू झालं तर वाट पाहायची नाही, तडक मोठं रुग्णालय गाठायचं. नेहमीच्या सौंदर्याच्या मात्रेत हे अतिशय दुर्मीळ, पण बनावट किंवा अवाच्या सव्वा तीव्रतेच्या मालात ते घडलेलं आहे. २०२४ साली अमेरिकेत बनावट बोटॉक्सनं लोक आजारी पडले. त्यातल्या काही खोक्यांवर १५० युनिट असं छापलेलं होतं. अस्सल बोटॉक्स ५०, १०० आणि २०० युनिटांतच येतं. म्हणून कुपी आपल्यासमोर उघडावी, तिच्यावरचं नाव, युनिट, लॉट नंबर आणि मुदत आपण वाचावी, जमल्यास फोटो काढावा. औषध २ ते ८ अंशांत फ्रीजमध्ये ठेवलेलं असावं. झिओमिनसारखी काही न उघडता बाहेरही टिकतात. घरी येऊन, समारंभात, चार जणींत एक कुपी वाटून टोचणाऱ्यांकडे जाऊ नये.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे घेऊ नये. पुरेशा अभ्यासाशिवाय तो धोका पत्करण्याएवढी आठी महत्त्वाची नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिस, लँबर्ट-ईटन, एएलएस असे मज्जातंतू-स्नायूंचे आजार असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचंच. जेंटामायसिन, अमिकासिन या जातीची अँटिबायोटिक्स चालू असतील तरी सांगायचं, त्यांनी परिणाम वाढतो. टोचायच्या जागी पुरळ किंवा जंतुसंसर्ग असेल तर तारीख पुढे ढकलायची. अ‍ॅस्पिरिन आणि माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी काळे-निळे डाग पडायची शक्यता वाढते. पण हृदयासाठी लिहून दिलेली रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. आठवडाभराचा डाग परवडला.

त्या दिवशी चेहरा धुऊन, मेकअप न करता जावं. डॉक्टर आठ्या घालायला, भुवया उचलायला, डोळे घट्ट मिटायला सांगतात. ते करताना लाजून अर्धवट करू नये, पूर्ण जोर लावावा, कारण स्नायू कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्या क्षणी दिसतं. आधीचे फोटो काढून घ्यावेत, शांत चेहऱ्याचे आणि हालचालीचे. भुवया मुळात थोड्या वर-खाली असतातच, आणि इंजेक्शननंतर ते पहिल्यांदा लक्षात येतं. सुई केसासारखी बारीक असते, मुंगी चावल्यासारखं वाटतं. डासाच्या चाव्यासारखे फुगवटे अर्ध्या तासात बसतात. नंतर चार तास आडवं होऊ नये, त्या दिवशी चेहरा चोळू नये, मसाज-फेशियल टाळावं, व्यायाम दुसऱ्या दिवशी करावा. यातल्या काही सूचनांमागे सवयच जास्त आहे, पुरावा थोडा. पण पाळायला काही खर्च येत नाही.

दोन आठवड्यांची भेट चुकवू नये, सगळं छान वाटत असलं तरी. त्या भेटीत पुन्हा तेच चेहरे करून फोटो घ्यावेत आणि एका कागदावर लिहून मागावं: तारीख, औषधाचं नाव, लॉट नंबर, किती मिलीत कालवलं, कोणत्या जागी किती युनिट. मग कधीतरी तीन-साडेतीन महिन्यांनी, उन्हात डोळे बारीक करताना भुवयांमध्ये पहिल्यांदा हलकासा जोर लागल्याचं जाणवतं. त्या दिवशीची तारीखही त्याच कागदावर खाली टिपून ठेवावी. पुढच्या वेळी कुठलं औषध, किती आणि कधी, हे ठरवताना जाहिरातीपेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडतो. डॉक्टर बदलले, गाव बदललं तरी तो सोबत न्यावा.